इंग्रजीत आशा, समज आणि जाणीव कशी व्यक्त करावी?
मनातली आशा, मत किंवा उशिरा आलेली जाणीव रोजच्या इंग्रजीत कशी सांगावी, असे आपण विचारले आहे. शक्य वाटणाऱ्या गोष्टीसाठी 'आय होप शी पासेस' म्हणावे. पण जे प्रत्यक्षात नाही त्याची हळहळ 'आय विश'ने सांगताना क्रियापद भूतकाळी होते, जसे 'आय विश आय न्यू हर नंबर', आणि 'माहीत असता तर' म्हणणाऱ्या मराठी माणसाला हे खरे तर अवघड वाटू नये. मत देताना नकार सहसा आधी येतो: 'आय डोन्ट थिंक ही विल कम', म्हणजे आपले 'तो येईलसे वाटत नाही'. आशेला मात्र ही मुभा नाही. तेथे 'आय होप इट डझन्ट रेन' असेच म्हणावे. लक्षात आलेल्या गोष्टीसाठी 'आय जस्ट रिअलाइज्ड आय लेफ्ट माय कीज अ‍ॅट होम' पुरते.