थरथरणारी खोकी आणि पुसलेलं फोल्डर

प्रश्न : माझी मुलगी अकरावीत आहे. भौतिकशास्त्रात १०० पैकी ५२ गुण. गेमसाठी ‘फिजिक्स इंजिन’ (वस्तूंचं पडणं, आदळणं गणिताने ठरवणारा प्रोग्रॅम) लिहितेय म्हणून रात्र रात्र जागते. प्रत्यक्षात पडद्यावर एकावर एक रचलेली खोकी थरथरताना बघत बसते. अशी इंजिनं फुकट तयार मिळतात. शेवटी मी ते फोल्डर पुसलं आणि संगणकाला पासवर्ड घातला. तेव्हापासून ती बोलत नाही. तिला अभ्यासाकडे कसं वळवू? – एक वडील

उत्तर : ५२ गुणांची मला फारशी काळजी वाटली नाही. ‘फोल्डर पुसलं’ इथे मात्र मी थांबलो. तिने गणितं सोडवून वही भरली असती, तर ती तुम्ही फाडली असती का? मुलगी अभ्यासापासून पळत नव्हती. तिचा अभ्यास तुम्हीच पुसलात.

ती खोकी का थरथरतात, हे कधी विचारलंत तिला? इंजिन साधारणपणे सेकंदाला ६० वेळा हिशेब करतं. दर वेळी गुरुत्वाकर्षणामुळे खोकं खालच्या खोक्यात किंचित घुसतं आणि इंजिन त्याला बाहेर ढकलतं. एकाला सावरलं की त्याचा धक्का वरच्याला. अशी रास शांत उभी करणं ही या विषयातली खरोखर अवघड जागा. उपाय असा : घुसलेलं सगळं अंतर एका दमात न काढता थोडं थोडं काढायचं, केसभर घुसलेलं चालवून घ्यायचं आणि त्या ६० पैकी एकाच पायरीत सगळ्या स्पर्शबिंदूंवरून आवेगाचा, म्हणजे धक्क्याचा, हिशेब अनेकदा फिरवायचा. तुमची मुलगी यातच अडकली असावी. हे बघत बसणं नाही, शोधणं आहे.

‘तयार मिळतं, मग कशाला लिहायचं’ हा गैरसमज मी अनेक पालकांकडून ऐकतो. बॉक्स-टू-डी हे प्रसिद्ध इंजिनसुद्धा एरिन कॅटो यांनी २००६ साली एका व्याख्यानासोबत दाखवलेल्या छोट्याशा नमुन्यातून वाढलं. त्याचा कोड सर्वांना खुला आहे, पण स्वतः धडपडलेल्यालाच तो वाचताना अर्थ लागतो. उदाहरणार्थ, दर हिशेबात आधी वेग बदलायचा आणि मग त्या नव्या वेगाने स्थान, एवढा क्रम चुकला तरी स्प्रिंगला टांगलेला गोळा दर झोक्याला जास्त उंच जाऊ लागतो. सेकंदाला १२०० पिक्सेल वेगाची गोळी एका फ्रेममध्ये, म्हणजे सेकंदाच्या साठाव्या भागात, २० पिक्सेल सरकते. भिंत १० पिक्सेल जाडीची असेल तर बारीक गोळी तिला न शिवता पलीकडे पोहोचू शकते. हे ज्याने स्वतः पाहिलं, त्याला वेग आणि काळ ही नुसती पाठ्यपुस्तकातली अक्षरं राहत नाहीत.

गुण कमी आहेत ते वेळ लावून उदाहरणं सोडवायच्या सरावाने वाढतील. रोज एक तास पुरे. प्रवेश परीक्षा देऊ द्या, संगणकशास्त्राची वा भौतिकशास्त्राची, तिच्या आवडीने. फक्त इंजिनच लिहायच्या नोकऱ्या थोड्या असतात, हे तिलाही स्पष्ट सांगा. पण हेच गणित रोबोटिक्स आणि ॲनिमेशनमध्येही लागतं.

आज पासवर्ड काढा आणि तिची माफी मागा. संगणकावर नवीन काही साठवण्याआधी रिसायकल बिन तपासा. तिथे नसेल तर जाणकाराला दाखवा, फाइल्स कदाचित परत मिळतील.