गोट्याचं काय करायचं?

चिरंजीवास,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज मिळाला. बाळ येणार, या बातमीबद्दल आधी अभिनंदन, पेढे क्लिनिकवर पाठव. आता मुद्द्याचं. ‘मावशी, गोट्याला कुठे देता येईल का?’ असं तुमच्या बोक्याबद्दल विचारलंयस आणि खाली कारणं दिली आहेस. आई म्हणते केस पोटात जातात, शेजारच्या काकू म्हणतात गर्भाला धोका असतो, सासऱ्यांनी पेपरात काहीतरी वाचलंय. तुला स्वतःला काय वाटतं ते मात्र कुठेच लिहिलं नाहीस.

कुठेही देऊ नकोस, हे माझं उत्तर. पण त्याला एक अट आहे: आजपासून गोट्याचं सगळं तू करायचं. बाळ आलं म्हणून घराबाहेर गेलेली मांजरं मी दवाखान्यात पुष्कळ पाहिली. त्यातली रोगापायी गेलेली फार थोडी. बहुतेक घरांत मांजराचं खाणं, ट्रे, औषध, दवाखाना एकटी बाई बघत असते. ती बाळंत झाली की मांजराला वाली उरत नाही. खाणं वेळेवर मिळत नाही, ट्रे चार-चार दिवस तसाच राहतो, मग ते गादीवर शू करतं आणि घरातले म्हणतात, ‘बघा, बाळावर जळतंय.’ जळतंय कसलं! ट्रे घाण आहे म्हणून ते गादी शोधतं.

काकूंचं म्हणणं मात्र अगदीच हवेतलं नाही, त्यामुळे ते नीट समजून घे. टॉक्सोप्लाझ्मा नावाचा एक परजीवी आहे. बाईला गरोदरपणात त्याची पहिल्यांदाच लागण झाली, तर तो गर्भापर्यंत पोचू शकतो आणि बाळाच्या डोळ्यांना, मेंदूला इजा करू शकतो. त्याची अंडी मांजराच्या विष्ठेतून बाहेर पडतात, एवढं खरं. पण सहसा ती पडतात मांजराला आयुष्यात पहिल्यांदा लागण होते तेव्हा, तीही दोन-तीन आठवडे. आणि ताज्या शीतून कोणाला काही होत नाही. ती अंडी पिकायला किमान एक दिवस लागतो, कधी चार-पाच. म्हणून रोजच्या रोज ट्रे साफ झाला की निम्म्याहून जास्त भीती तिथेच संपते. साफ करायचा तू. तुझ्या बायकोने बाळंतपण होईपर्यंत ट्रेला हात लावायचा नाही. तू ऑफिसच्या दौऱ्यावर गेलास आणि अगदीच नाइलाज झाला, तर हातमोजे घालायचे आणि नंतर साबणाने हात धुवायचे. ट्रे धुताना उकळतं पाणी ओत. या अंड्यांवर फिनेल-ब्लीच चालत नाही.

गोट्याला कुरवाळल्याने, मांडीवर घेतल्याने हा आजार होत नाही, हे आईला ठणकावून सांग. युरोपातल्या सहा मोठ्या शहरांतल्या गरोदर बायकांचा एक अभ्यास 2000 साली प्रसिद्ध झाला. त्यात 30 ते 63 टक्के लागणींचं मूळ कच्च्या किंवा अर्धवट शिजलेल्या मांसात सापडलं, 6 ते 17 टक्क्यांचं मातीत. मांजराशी संपर्क हा धोका म्हणून पुढे आलाच नाही. तेव्हा तुझ्या घरात बघायचं ते वेगळंच. बाल्कनीतल्या कुंड्यांमध्ये सोसायटीची भटकी मांजरं उकरतात ना? ती माती तू हाताळ. कोशिंबिरीची काकडी, कोथिंबीर वाहत्या पाण्याखाली धू. मटण कापलेल्या सुरीने पुढे टोमॅटो चिरू नका. आणि मटणवाल्याकडून आणलेली छाट गोट्याला कच्चीच घालतोस, ती आजपासून शिजवून घाल, कारण तो घराबाहेर जात नाही आणि उंदीर मारत नाही. त्याला लागण व्हायचीच तर त्या कच्च्या मांसातून होईल. तिच्या डॉक्टरीणबाईंना ‘घरात मांजर आहे’ एवढं सांगून ठेवा. रक्ततपासणी करायची का आणि तिचा अर्थ काय, ते त्या ठरवतील. रिपोर्ट मोबाईलवर वाचून घाबरत बसू नका.

केसांचं म्हणशील, तर पोटात गेलेला केस जसा जातो तसा बाहेर पडतो, त्याने दमा होत नाही. ऍलर्जी होते ती मांजराच्या लाळेतल्या आणि कातडीतल्या एका प्रथिनाची, जे केसांना चिकटून घरभर पसरतं. घरात कोणाला मांजराची ऍलर्जी आधीपासून असेल, किंवा पुढे बाळाची छाती वारंवार वाजायला लागली, तर बालरोगतज्ज्ञांचं ऐकायचं. नुसत्या अंदाजावर आधीच हाकलायचं नाही. आईला हेही सांग, की बंगालात षष्ठीदेवीचं वाहन मांजर आहे. आपली सटवाई म्हणजे तीच षष्ठी. पाचवीला जिची पूजा करायची तिच्याच वाहनाला घराबाहेर काढायचं, हे कुठलं शास्त्र? (हा युक्तिवाद तुझ्या आईवर चालेल. मी तिला कॉलेजपासून ओळखते.)

आता तुमच्या घरचा खरा पेच. डोहाळेजेवण झालं की ती साताऱ्याला माहेरी जाणार आणि बाळ तीनएक महिन्यांचं झालं की परत येणार. म्हणजे गोट्याच्या हिशेबाने त्याची आवडती बाई एक दिवस नाहीशी होते आणि पाच-सहा महिन्यांनी एका रडणाऱ्या गाठोड्यासकट उगवते. त्याला सोबत साताऱ्याला पाठवायचा विचार डोक्यातून काढ. मांजराचा जीव माणसांइतकाच जागेत असतो. तो पुण्यातच बरा, तुझ्यापाशी.

या मधल्या काळाचा उपयोग कर. परदेशी पुस्तकं सांगतात की पाळणा आधीच आणून ठेवा, मांजराला सवय होऊ दे. आपल्याकडे जन्माआधी पाळणा आणत नाहीत, रिकामा हलवत तर नाहीतच, आणि त्यावरून सासरी-माहेरी वाद घालण्यात अर्थ नाही. तुझ्याकडे बाळ जन्मल्यानंतरचे तीन महिने आहेत. बारसं साताऱ्याला झालं की इथे पाळणा आण, जागेवर लाव आणि त्यात पाण्याच्या रिकाम्या बाटल्या भरून ठेव. गोट्या एकदा उडी मारेल, बाटल्या कडकड वाजतील, दोनचारदा झालं की तो नाद सोडेल. रविवारी बाळाला बघायला जाशील तेव्हा त्याचं एखादं वापरलेलं झबलं घेऊन ये. ते गोट्याच्या नाकाला लावायचं नाही. सोफ्याच्या कोपऱ्यात टाकून ठेव, तो आपला आपण येऊन हुंगेल. व्हिडिओ कॉलवर बाळ रडेल तेव्हा आवाज बारीक ठेवून स्पीकर लाव आणि त्याच वेळी त्याच्या ताटलीत खाणं वाढ. मग हळूहळू आवाज वाढव. तो भिऊन पलंगाखाली गेला तर तू घाई केलीस असं समज आणि पुन्हा बारीक कर.

बेडरूमला सुताराकडून जाळीचं दार बसवून घे. हा खर्च टाळू नकोस. बंद लाकडी दारापाशी मांजर रात्रभर ओरडतं, ओरबाडतं. जाळीतून त्याला सगळं दिसतं, वास येतो, मग ते तिथेच पसरून झोपतं. बाळ झोपलेल्या खोलीत कोणी जागं माणूस नसेल, तर गोट्या आत नसायला हवा. यात सूट नाही. तो बाळाचा श्वास ओढून घेतो वगैरे भाकडकथा आहेत, पण त्याला ऊब लागते, आणि तीन-चार महिन्यांच्या बाळाला तोंडापाशी आलेलं अंग बाजूला सारता येत नाही. छत्रीसारखी उघडणारी ती मच्छरदाणी मिळते ना, ती बघून लोक निर्धास्त होतात. तिच्या काड्या डास अडवण्यापुरत्या असतात. साडेचार किलोचा बोका वर बसला की ती सपशेल बाळावर बसते आणि मग दोघंही आत अडकतात. साडीची झोळी बांधणार असाल तर तिलाही हाच नियम.

नखं. हे काम आत्तापासून शिक, म्हणजे बाळ येईपर्यंत तुम्हा दोघांनाही सवय होईल. तो जेवून सुस्तावला असेल तेव्हा त्याला मांडीवर पाठमोरा घे. एक पंजा हातात धर, वरून अंगठा आणि खालून तर्जनी ठेवून एका बोटावर हलकेच दाब. नख आपोआप बाहेर येतं. उजेडाकडे धरलंस की मुळाशी गुलाबी रेघ दिसेल, ती जिवंत नस. तिच्या बऱ्याच अलीकडे, पुढचं पांढरं आकडीसारखं टोक तेवढं काप. मांजराच्या नखांचं कटर मिळतं, ते आण. आपलं नेलकटर नख चिरडतं. दोन नखं झाली आणि त्याने पाय ओढून घेतला तर सोडून दे. अठराच्या अठरा एका बैठकीत व्हायला हवीत असं कुठे लिहिलंय? दर दोन-तीन आठवड्यांनी टोकं बोथट झाली की पुरे.

ती घरी येईल त्या दिवशी दारात भाकरतुकडा ओवाळायला अर्धी सोसायटी जमेल. गोट्याला त्याआधीच स्वयंपाकघरात पाणी, ट्रे देऊन बंद कर. पाहुणे गेले की बाळ आईकडे दे आणि तुझ्या बायकोला रिकाम्या हाताने आत जाऊ दे. पाच-दहा मिनिटं ती आणि तो. बाळाची ओळख नंतर, तीही तो स्वतः जवळ येईल तेव्हा. त्याला उचलून बाळापाशी नेऊन फोटो काढायचा मोह अनेकांना होतो. तू काढू नकोस.

बाळाच्या सामानापासून गोट्यालाही जपावं लागतं, हे कोणी सांगत नाही. ताप आला म्हणून आणलेलं पॅरासिटामॉल मांजराला विष आहे. पाचशे मिलिग्रॅमच्या एका गोळीने बोका मरू शकतो, आणि थेंबांची सांडलेली बाटलीही तितकीच वाईट. ‘त्याला कणकण वाटते’ म्हणून आपल्या मनाने देणारेही आहेत, म्हणून लिहिते. पाहुण्यांच्या गुच्छात लिली असेल तर ती फुलं दाराबाहेरच ठेव. पान, पराग, फुलदाणीतलं पाणी, काहीही पोटात गेलं तरी मूत्रपिंडं दोन-तीन दिवसांत निकामी होतात. काळा दोरा, झबल्याच्या नाड्या, फुग्यांच्या रिबिनी हेही तसेच. मांजर दोरा गिळतं, आतडं त्या दोऱ्यावर गोळा होत जातं आणि मग ऑपरेशनशिवाय इलाज नसतो. गुदद्वारातून दोऱ्याचं टोक दिसलं तर ओढू नकोस, घेऊन ये. बाळ-बाळंतिणीला धुरी द्यायची तेव्हा गोट्याला त्या खोलीतून बाहेर काढ. पिसवांसाठी कुत्र्याचं औषध त्याच्या मानेवर घालू नकोस. त्यात बऱ्याचदा परमेथ्रिन हे कीटकनाशक असतं, ते मांजराला झेपत नाही.

पहिले काही आठवडे त्याच्या ट्रेवर लक्ष ठेव. दोन दिवस खाल्लं नाही तर फोन कर. बोका ट्रेमध्ये पुन्हा पुन्हा बसतो, कुंथतो, ओरडतो आणि शू थेंबभर किंवा नाहीच, असं दिसलं तर सकाळची वाट बघू नकोस. ताणाने बोक्यांची लघवी तुंबते आणि एक-दोन दिवसांत जीव जातो. बाळ रात्रभर रडत असताना हे नजरेतून सुटतं.

खरी कसोटी बाळ रांगायला लागल्यावर. तान्ह्या बाळापासून मांजर लांब राहू शकतं, रांगणारं बाळ मात्र त्याच्या मागे जातं आणि शेपटी मुठीत धरतं. तोवर गोट्याची ताटली खिडकीच्या कट्ट्यावर आणि ट्रे कोरड्या बाल्कनीत, बाळाला जाता येणार नाही असा हलव. हळूहळू, रोज हातभर. आणि त्याला वर जायला वाट ठेव: कपाटावर एक जुनी चादर, मध्ये चढायला एक फळी. पळायला जागा असली की मांजर सहसा नख काढत नाही. कान मागे गेले, शेपटी आपटायला लागला, की बाळाला उचल. गोट्याला ओरडू नकोस.

तरीही ओरखडा आला, तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायचं. हळद, चुना, तिखट काही लावायचं नाही. मग त्याच दिवशी डॉक्टर. गोट्याची रेबीजची लस झालेली असली तरी बाळाला लस द्यायची की नाही ते डॉक्टरच ठरवतील. तुम्ही परस्पर ‘घरचंच मांजर आहे’ म्हणून सोडून देऊ नका.

इतकं सगळं करूनही तो बाळावर धावून जायला लागला, किंवा बाळाला खरोखर त्याचा त्रास आहे असं डॉक्टरांनी सांगितलं, तर मला कळव. आपण त्याला घर शोधू. पण ‘मासळी बाजारात सोडलं की खाऊन-पिऊन राहील’ हे वाक्य माझ्यापुढे कोणी बोलायचं नाही. घरात वाढलेला बोका तिथे फार काळ टिकत नाही, आणि उपाशी मरेल अशा ठिकाणी जनावर टाकून देणं 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे.

येत्या शनिवारी संध्याकाळी सहानंतर त्याला घेऊन ये. रेबीजची आणि तिहेरी लस दोन्ही या महिन्यात आहेत, जंताचं औषधही देऊ. पुढे ते दर तीन महिन्यांनी, तारीख तुझ्या मोबाईलमध्ये टाक, तिच्या नको. आणताना झाकणाच्या टोपलीतून आण आणि झाकण सुतळीने बांध, गेल्या वेळी पिशवीतून आणलास तेव्हा रिक्षातच बाहेर आला होता. कटरही घेऊन ये. पहिली दोन नखं मी कापून दाखवते, उरलेली माझ्यासमोर तू काप.

तुझी,
मावशी