शेजाऱ्यांचा मुलगा दोन वर्षांसाठी मिशनवर गेलाय. त्यांच्याशी काय बोलावं?

तुम्ही लिहिलंय की गेल्या वर्षी नोकरीसाठी अमेरिकेत युटातल्या लीहायला राहायला आलात, शेजारचं कुटुंब मॉर्मन आहे आणि त्यांचा अठरा वर्षांचा मुलगा नुकताच दोन वर्षांच्या मिशनवर, म्हणजे चर्चच्या धर्मप्रचाराला, गेलाय. त्याच्या आईचं अभिनंदन करावं की सांत्वन, हे तुम्हाला कळत नाहीये. दोन्ही नको. मुलाचं नाव घेऊन विचारा, "या आठवड्यात काय कळवलंय त्याने?" आणि हातात वेळ असेल तेव्हाच विचारा, कारण उत्तर लांबणार.

मी मूळची साताऱ्याची. १९९५ साली लोगनच्या युटा स्टेट युनिव्हर्सिटीत शिकायला आले, इथल्याच मुलाशी लग्न केलं आणि इथलीच झाले. नवरा आणि दोन्ही मुलं चर्चची सभासद, मी नाही. तेव्हा मी सांगतेय ते थोडं घरातलं आणि थोडं उंबऱ्यावरचं आहे. (जाता जाता: २०१८ पासून चर्चचा आग्रह आहे की 'मॉर्मन' न म्हणता पूर्ण नाव घ्यावं, चर्च ऑफ जीझस ख्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स. शेजारणीशी बोलताना नुसतं 'तुमचं चर्च' म्हटलंत तरी चालेल.)

माझा मुलगा ऑगस्ट २०१७ मध्ये गेला. कुठे जायचं हे मुलगा ठरवत नाही, चर्च ठरवतं. आता ते ऑनलाइन कळतं, तेव्हा पोस्टाने मोठं पांढरं पाकीट यायचं. सासू-सासरे, दीर, जावा सगळे आमच्या हॉलमध्ये जमले आणि त्याने उभं राहून वाचलं: फिलिपिन्स, सेबू, भाषा सेबुआनो. सगळ्यांनी एकच गलका केला. मी मनातल्या मनात तिकडे किती वाजले असतील याचा हिशेब करत होते. खर्च ज्याचा त्याने करायचा. तेव्हा महिन्याला ४०० डॉलर भरावे लागत, २०२० पासून ५०० झाले. दोन उन्हाळे तो लोकांच्या शेतात पाण्याचे पाइप हलवायला पहाटे जात होता, ते याच पैशांसाठी.

निघण्याआधी मुलगा मंदिरात जाऊन देवाला काही वचनं देतो. रविवारी प्रार्थना होते तिथे कुणीही जाऊ शकतं, पण मंदिरात फक्त सभासदांना प्रवेश, तोही परवाना असेल तरच. लोगनचं मंदिर १८८४ सालचं, उंचावर आहे, गावात कुठूनही दिसतं. त्या दिवशी नवरा, सासू, सासरे त्याच्याबरोबर आत गेले आणि मी अकरा वर्षांच्या लेकीला घेऊन बाहेर हिरवळीवर बसले. माझ्या पोराच्या आयुष्यातला एवढा मोठा दिवस आणि मी भिंतीच्या अलीकडे. ते अजूनही सलतं. सासूबाई बाहेर आल्या त्या थेट माझ्याकडे आल्या आणि आपल्या ठेवणीतल्या कपड्यांनिशी माझ्याशेजारी गवतात बसल्या. एक शब्द बोलल्या नाहीत. त्यांचे ते उपकार मी विसरणार नाही.

आईला साताऱ्याला फोन केला तर ती म्हणाली, "अगं, म्हणजे पोराला गोसावी केलंस की काय?" मग तिचं तिलाच काहीतरी आठवलं. माझा मामा फौजेत होता. महिन्याला एक अंतर्देशीय पत्र यायचं, त्यात 'इकडे सर्व खुशाल' यापलीकडे काही नसायचं, तरी आजी ते आमच्याकडून चार-चारदा वाचून घ्यायची. "त्याला बजावून ठेव," आई म्हणाली, "नुसतं खुशाल लिहू नकोस म्हणावं."

प्रोव्होच्या प्रशिक्षण केंद्राबाहेर आम्ही त्याला सोडलं. गाडी कडेला लावायची, बॅगा उतरवायच्या, मिठी मारायची आणि निघायचं, एवढाच वेळ देतात. छातीवर काळी पट्टी, तिच्यावर 'एल्डर' ही मिशनरी मुलांची उपाधी आणि आडनाव. मी ठेवलेलं नाव त्या पट्टीवर नव्हतं.

तेव्हाचा नियम असा होता: आठवड्याला एक ईमेल आणि वर्षाला दोन फोन, एक नाताळचा आणि एक मदर्स डेचा. आठवड्यातला एक दिवस त्यांना कपडे धुवायला, सामान आणायला, घरी लिहायला मिळतो, त्याला पी-डे म्हणतात. तो बहुधा सोमवार असतो. सेबूतली सोमवार सकाळ म्हणजे आमची रविवार संध्याकाळ. रविवारी चार वाजल्यापासून लेक लॅपटॉप मांडीवर घेऊन बसायची. येणारं पत्र एकच असायचं, ते आजी-आजोबांपासून शाळेतल्या मित्रांपर्यंत पन्नासेक जणांना जायचं, आणि त्यात सगळं छानच असायचं: खचाखच भरलेल्या जीपनी गाड्या, वाळवलेली मासळी, धो धो पाऊस, देवाची कृपा. पण त्याने साताऱ्याच्या आजीचं ऐकलं होतं. त्या पत्रामागून फक्त मला एक वेगळा मेल यायचा, रोमन अक्षरांत, मराठीत, एका ओळीचा. पहिला होता, "आई, भाषा येत नाही, मुका झालोय." पुढे कधी, "आज कुणीच दार उघडलं नाही." एकदा, "जोडीदार तीन दिवस माझ्याशी बोलला नाहीये." मिशनरी कायम दोघं-दोघं असतात, एकटं कुठेच जायचं नसतं. जो माणूस बोलत नाही त्याच्याच खोलीत चोवीस तास काढायचे, याची कल्पना करा. त्यातल्या सगळ्या ओळी मी नवऱ्याला वाचून दाखवल्या नाहीत. तोही एकोणिसाव्या वर्षी मिशनवर जाऊन आलेला, 'होतं असं, निभतं' म्हणाला असता आणि ते खरंही होतं, पण मला ते ऐकायचं नव्हतं.

घर रिकामं झालं असं मात्र नाही. त्याची खोली पंधरा दिवसांत लेकीने बळकावली. जेवणाच्या टेबलावरची त्याची खुर्चीही रिकामी राहिली नाही, कारण आमच्या भागात आलेल्या मिशनऱ्यांना वॉर्डातली, म्हणजे इथल्या चर्चच्या मंडळीतली, घरं आळीपाळीने जेवायला बोलावतात. मी सभासद नसूनही त्या यादीत आमचं नाव घालायला लावलं. सेबूत कुणीतरी बाई माझ्या मुलाला वाढतेय, तर मी इथे कुणाच्या तरी मुलाला वाढावं, एवढंच मनात होतं. एकदा एक टोंगाचा आणि एक टेक्ससचा असे दोघं आले. मटकीची उसळ, भात, चपात्या. जेवण झाल्यावर टोंगाचा मुलगा भांडी विसळायला उभा राहिला. नळ वाहतोय आणि हा तेच ताट पुन्हा पुन्हा पुसतोय. विचारलं तर म्हणाला, आज माझ्या आईचा वाढदिवस आहे. त्यांना बायकांना मिठी मारायची परवानगी नसते. मी त्याचे ओले हात माझ्या दोन्ही हातांत धरून उभी राहिले.

२०१७ च्या डिसेंबरात आठवड्याभरात दोन वादळं फिलिपिन्सवर आली. पी-डेला अजून तीन दिवस होते. मी रात्रभर हवामानाचा नकाशा बघत बसले. पहाटे फेसबुकवर एका अनोळखी बाईंचा फोटो आला: माझा मुलगा कुणाच्या तरी ओट्यावर बसून भात खातोय, शर्ट चिंब, आणि खाली दोनच शब्द, "सेफ, मॅम." त्या बाईंना मी कधी भेटले नाही. त्यांचा नंबर अजून माझ्या फोनमध्ये आहे.

मग १५ फेब्रुवारी २०१९ ला चर्चने नियमच बदलला: दर आठवड्याला घरी फोन करा, व्हिडिओवर बोला. आम्ही अठरा महिन्यांत तीनदा त्याचा आवाज ऐकला होता, तोही तुटक, आणि दोन दिवसांनी रविवारी संध्याकाळी तो पडद्यावर हजर. हडकलेला, रापलेला. "जेवलास का?" म्हटलं तर म्हणाला, "ओओ, आई." सेबुआनोत ओओ म्हणजे हो. लेक पुढे आली, दातांना तारा, माझ्याहून दोन बोटं उंच, तर तो बघतच राहिला. दोघांनाही काय बोलावं सुचेना. ती उठून आत गेली. रात्री मला म्हणाली, "त्याच्या डोक्यात मी अजून अकरा वर्षांचीच आहे." भावंडांचं हे कुणी विचारत नाही. तुमच्या शेजारणीला धाकटी मुलं असतील तर त्यांचीही चौकशी करा.

काही आया म्हणतात की जुनंच बरं होतं, दर आठवड्याला नवी ताटातूट नको. मला नाही पटत. फोन ठेवल्यावर घर सुनं व्हायचं हे खरं, पण लेकरू दुःखात आहे की नाही हे आवाजावरून कळतं, पत्रावरून नाही.

आणि एक गोष्ट, जी तुम्हाला तुमच्या शेजारणीकडून ऐकायला मिळणार नाही. सगळी मुलं दोन वर्षं पुरी करत नाहीत. कुणी आजारी पडतं, कुणाचं मन हाय खातं. आमच्या ओळखीतला एक मुलगा पाचव्या महिन्यात परतला. त्याला आणायला फुगे, फलक घेऊन कुणी गेलं नाही. वॉर्डातली माणसं वाईट नव्हती, त्यांना फक्त काय बोलावं ते सुचलं नाही, म्हणून ती बोललीच नाहीत. त्या आईने तो हिवाळा पडदे ओढून काढला. मी थालीपिठं घेऊन गेले तेही तीन आठवड्यांनी, आणि त्या तीन आठवड्यांची मला आजही लाज वाटते. तुमच्या शेजारी असं काही झालं तर त्याच दिवशी जा. कारण विचारू नका. "आलास, बरं वाटलं" एवढं त्या मुलाला सांगा.

आमचा ऑगस्ट २०१९ ला आला. सॉल्ट लेकच्या विमानतळावर दोन वर्षांच्या सवयीने त्याने माझ्यापुढे हस्तांदोलनाला हात केला, मग भानावर येऊन मिठी मारली. त्याच रात्री त्याला मिशनमधून रीतसर मोकळं केलं आणि काळी पट्टी उतरली. दुसऱ्या दिवशी दूध आणायला पाठवलं तर दारात थबकला. दोन वर्षांत एकटा कुठे गेलेलाच नव्हता. लेकीला हाक मारली, "येतेस का गं बरोबर?" ती चपला घालून निघाली. वाटेत काय बोलले माहीत नाही, पण दूध आणायला त्यांना दीड तास लागला.

आता तिने स्वतः मिशनचा अर्ज भरलाय. मुलींना अठरा महिने असतात. कुठे पाठवतात ते अजून कळायचंय. मी तिला आत्तापासूनच मराठी टाइप करायला लावतेय. दर आठवड्याला एक ओळ, फक्त मला.