नोटीस खोटी आहे, आधी शांत बसा

प्रश्न : ताई, नमस्कार. माझा मुलगा २४ वर्षांचा आहे, बी.ए. झालाय. आठवीपासून नजर कमी होत गेली. डॉक्टरांनी रेटिनायटिस पिगमेंटोसा सांगितलं, म्हणजे डोळ्याचा पडदा हळूहळू निकामी होण्याचा आजार. सर्टिफिकेट ७० टक्क्यांचं, जुनं, कागदी आहे. घरबसल्या डेटा एन्ट्रीची जाहिरात फोनवर बघितली आणि २,५०० रुपये भरले. फॉर्म मीच रात्री जागून टाइप करून दिले. आठ दिवसांनी म्हणाले, अचूकता कमी पडली, तुम्ही करार मोडला. आता व्हॉट्सअ‍ॅपवर वकिलाची नोटीस आलीये, ६,८०० भरा नाहीतर कोर्टात या. ह्यांना अजून सांगितलेलं नाही. ऑनलाइन खरं काम कुठं मिळतं का, की सगळं असंच असतं?
– एक आई, बार्शी

उत्तर : एक रुपयाही भरू नका. ही नोटीस तुमच्या एकटीला आलेली नाही. हा धंदाच असा चालतो. आधी थोडे पैसे घ्यायचे, मुद्दाम धूसर पानं टाइप करायला द्यायची, ९८ टक्के अचूकता मागायची, आणि ती कुणालाच जमली नाही की अशोकस्तंभ छापलेला कागद पाठवून घाबरवायचं. कोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर क्यूआर कोड पाठवून पैसे मागत नाही. सगळे मेसेज, तो करार, पैसे गेल्याची पावती जपून ठेवा. १९३० या नंबरवर फोन करा, सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार नोंदवा आणि मग ते नंबर ब्लॉक करा. आणि तुमच्या ह्यांना आजच सांगा. लपवलंत की त्या लोकांचं आणखी फावतं.

आता खऱ्या कामाचं. पहिलं पाऊल नोकरीच्या साइटवर नाही, स्वावलंबन कार्डाच्या साइटवर टाकायचं. तुमचं जुनं कागदी सर्टिफिकेट तिथं चढवून यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्रासाठी, अर्ज करा. जून २०२१ पासून दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र याच पोर्टलवरून देणं सक्तीचं आहे, आणि पुढं जिथं जाल तिथं हाच नंबर विचारतात. ७० टक्के म्हणजे पिवळ्या पट्ट्याचं कार्ड येईल. त्यावरचं नाव आधारवरच्या नावाशी अक्षर न् अक्षर जुळू द्या, नाहीतर पुढं ‘वडिलांचं नाव मध्ये का नाही’ यावर हेलपाटे होतात.

कार्ड येईपर्यंत नोंदणी दोन ठिकाणी करा, दोन्ही फुकट. केंद्राचं नॅशनल करिअर सर्व्हिस हे पोर्टल, २०१५ सालापासूनचं, आणि आपल्या राज्याचं महास्वयम्. नॅशनल करिअर सर्व्हिसची दिव्यांगांसाठी वेगळी केंद्रं आहेत, मुंबईचं सायनला आहे. केंद्राच्या दिव्यांगजन विभागाचं पीएम दक्ष हे पोर्टल प्रशिक्षणासाठी बघा. खाजगीत हैदराबादच्या यूथ फॉर जॉब्ज संस्थेचं स्वराजअ‍ॅबिलिटी आहे, बंगळुरूची एनेबल इंडिया १९९९ पासून याच कामात आहे. यापेक्षा जास्त साइट्सच्या मागं लागू नका. दहा ठिकाणी अर्धवट प्रोफाइल टाकण्यापेक्षा तीन ठिकाणी पूर्ण असलेलं बरं.

शोधताना एक गंमत होते, सांगून ठेवते. इंग्रजीत दिव्यांगांसाठी ‘पीडब्ल्यूडी’ म्हणतात. ते टाकून तुम्ही ‘जॉब’ शोधलंत की सार्वजनिक बांधकाम खात्याच्या कनिष्ठ अभियंत्याच्या जाहिराती समोर येतात. ‘दिव्यांग भरती’ असं शोधा. मला स्वतःला हा शब्द फारसा भावत नाही, माझ्या अंगात दिव्य असं काही नाही. पण सर्च बॉक्सशी वाद घालून काय उपयोग.

सरकारी नोकरीत २०१६ च्या कायद्यानं दिव्यांगांना ४ टक्के जागा आहेत, त्यातला १ टक्का अंध आणि अल्पदृष्टी असलेल्यांचा. अट ४० टक्क्यांची, ती तुमच्याकडं आहेच. बँकेच्या क्लार्कच्या परीक्षेला वयोमर्यादा २८ आहे, दिव्यांगांना त्यावर १० वर्षं सूट. लेखनिक घेता येतो, तासाला २० मिनिटं जादा मिळतात. म्हणजे त्याच्या हातात वेळ आहे, घाई करू नका. हा कोटा खाजगी कंपनीला लागू नाही, पण आपल्याकडं समान संधीचं धोरण आहे हे तिनं जाहीर करायचं असतं. कंपनीच्या साइटवर ते दिसलं तर अर्ज करताना निदान दार ठोठावल्यासारखं वाटतं.

आता जरा टोचेल असं लिहिते. तुमच्या पत्रात जाहिरात कुणी बघितली ते नाही. फॉर्म तुम्ही टाइप केले. नोटीस तुम्ही वाचली. पत्रही तुम्हीच लिहिलंत. चोवीस वर्षांच्या माणसाचं एकही वाक्य त्यात नाही.

मला दिसत नाही, आणि मी १९ वर्षं बँकेत आहे. माझा पहिला फॉर्म आतेभावानं सायबर कॅफेत भरला होता. अपंगत्वाच्या खान्यात त्यानं दृष्टीऐवजी हाडांचं निवडलं. बिचाऱ्यानं प्रेमानंच केलं. मला कळलं ते मुलाखतीच्या दिवशी, कागद तपासणाऱ्या बाईंनी माझ्या पांढऱ्या काठीकडं बघून ‘पायाला काय झालंय?’ विचारलं तेव्हा. ते वर्ष गेलं. त्यानंतर माझा फॉर्म मीच भरते, कितीही वेळ लागो.

तर त्याच्या फोनमध्ये आज टॉकबॅक, म्हणजे फोनवरचं वाचून दाखवणारी सोय, चालू करा. सेटिंगमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटीत असतं. घरात जुना लॅपटॉप असला तर एनव्हीडीए टाकून घ्या. स्क्रीनवरचं वाचून दाखवणारं हे सॉफ्टवेअर २००६ साली ऑस्ट्रेलियात एका अंध तरुणानं सुरू केलं, आजही फुकट आहे, मराठीही बोलतं. आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा आहे, आठवडाभर डोकं उठेल, मग सवय होते. नजर थोडी शिल्लक आहे तोवर शिकला तर पुढं जड जाणार नाही.

पहिल्यांदा सरकारी फॉर्म उघडेल तेव्हा ते नुसतं ‘एडिट ब्लँक, एडिट ब्लँक’ म्हणत बसेल. याचा अर्थ साइट बनवणाऱ्यानं चौकटींना नावं दिलेली नाहीत, चूक तुमच्या मुलाची नव्हे. वरची-खालची ओळ ऐकून कोणती चौकट कशाची ते ओळखता येतं. कॅप्चाच्या चित्रापाशी मात्र अडेल. तिथं तुम्हाला हाक मारू द्या, अक्षरं सांगा आणि खोलीतून बाहेर या.

बायोडेटात नजरेबद्दल एक ओळ असू दे : ‘अल्पदृष्टी, एनव्हीडीएच्या मदतीनं वर्ड आणि एक्सेल स्वतंत्रपणे वापरतो.’ एमएस-सीआयटी झालेलं नसेल तर आधी तेवढं करू दे, मगच ही ओळ लिहायची.

तक्रार नोंदवल्यावर काय झालं ते मला कळवा. पण तो ईमेल त्यानं लिहायचा. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तरी चालेल, पाठवण्याआधी तुम्ही तपासू नका.