कुत्र्याला गोव्यातल्या सत्तरी तालुक्याच्या रानात फिरायला नेतो. विष्ठेसाठी कोणती पिशवी घ्यावी, आणि वाटेत कचरापेटी नसेल तर काय करावं?

पिशवी कुठलीही घ्या, फुटली नाही म्हणजे झालं. मला बोलायचं आहे ते 'पेटी नसेल तर' ह्यावर. गाठ मारून करवंदीच्या जाळीला अडकवलेल्या पिशव्या जी माणसं उतरवतात त्यांच्याबरोबर मी काम करतो, आणि 'वनखात्याचे गार्ड आहेतच की उचलायला' हे ऐकून माझे कान किटले आहेत.

तुम्ही पहिल्या मिनिटाला उचलता ती विष्ठा आणि गार्ड तीन आठवड्यांनी उचलतो ती विष्ठा ह्या दोन वेगळ्या वस्तू आहेत. टॉक्सोकारा ह्या गोलकृमीची अंडी कुत्र्याच्या पोटातून बाहेर पडतात तेव्हा ती माणसाला बाधत नाहीत. दमट, उबदार मातीत त्यांच्यात अळी तयार व्हायला साधारण २ ते ४ आठवडे लागतात. पुढे ती महिनोन् महिने, कधी वर्षंही टिकतात. अंकुशकृमीचं त्याहून लवकर होतं. आठवडाभरात त्याच्या अळ्या मातीत उतरतात आणि अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरतात. पावलावर नागमोडी, खाजरी रेघ उठते ती त्यांचीच. आपला पावसाळा म्हणजे ह्या दोघांना हवं ते सगळं. आणि सत्तरीत रानातला व्हाळ, म्हणजे ओढा, खाली कुणाच्या तरी कुळागरात (सुपारीच्या बागेत) पाट होऊन शिरतो, जिथे माणसं अनवाणी काम करतात.

पावसात भिजलेली विष्ठा उचलता येत नाही, खरवडावी लागते. रबरी हातमोजे, गवंड्याची थापी, आणि खालची दोन-तीन सेंटिमीटर मातीही सोबत. उताराच्या वाटेवर तेवढा खड्डा राहिला तरी पुढच्या सरीत तिथून पाणी वाट कापतं, म्हणून बाजूची माती ओढून दाबून घ्यावी लागते. बांधलेल्या पिशवीचं काम त्याहून वाईट. आत हवा नसते, सडताना वायू होतो आणि पिशवी फुगते. ऊनपावसाने प्लास्टिक ठिसूळ झालेलं असतं. काट्यातून ओढली की फाटते आणि सगळं मनगटावर येतं. म्हणून ती ओढायचीच नाही. खाली रुंद तोंडाची गोण धरायची आणि पिशवीसकट फांदी कात्रीने छाटायची. माकडांनी आधीच फाडली असेल तर तुकडे वेचत बसायचं. पिशवीवर आयएस १७०८८ (कंपोस्ट होणाऱ्या प्लास्टिकचं भारतीय मानक) आणि 'कंपोस्टेबल' छापलेलं असलं तरी ती झाडावर जिरत नाही. त्या मानकाची चाचणी सुमारे ५८ अंश सेल्सिअसला, कंपोस्ट प्रकल्पासारख्या परिस्थितीत केलेली असते. उघड्यावर टाकलेल्या विष्ठेपेक्षा अडकवलेली पिशवी वाईट, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता 'खत होतं, गाईचं शेण चालतं ना?' म्हणणाऱ्यांसाठी. गाय सड्यावरचंच, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावरचंच, गवत खाते आणि त्यातलंच परत टाकते. तुमचा कुत्रा घरून कोंबडी आणि पाकिटातलं खाणं खाऊन येतो. तो नत्र आणि स्फुरद बाहेरून आणून तिथे ओततो. बेल्जियममध्ये गेंटजवळच्या राखीव क्षेत्रांत ह्याची मोजणी झाली, ती २०२२ साली प्रसिद्ध झाली: कुत्र्यांमुळे वर्षाला हेक्टरी ११ किलो नत्र आणि ५ किलो स्फुरद. सगळी विष्ठा उचलली तर स्फुरद ९७ टक्के कमी होतं, नत्र मात्र ५६ टक्केच, कारण उरलेलं मूत्रातून जातं. आपल्या जांभ्या सड्यावर मातीत नत्र जवळजवळ नसतंच, म्हणून तर तिथे दवबिंदू आणि सीतेची आसवं ही रोपटी किडे खाऊन जगतात. तिथे खत घातलं की दांडगं गवत माजतं आणि ही चिमुकली झाडं त्याच्याखाली दबून जातात. शिवाय कुत्र्याच्या विष्ठेतून निओस्पोरा हा परजीवी चाऱ्यावर गेला तर गाई गाभडतात. त्यामुळे शेणाचा दाखला कृपा करून देऊ नका.

पुरायचं म्हणाल, तर पदभ्रमणवाल्यांचा नियम १५ ते २० सेंटिमीटर खोल आणि पाण्यापासून ६० मीटर दूर असा आहे. सड्यावर चार बोटांखाली दगड लागतो, आणि दरीत पावसाळ्यात खड्डा खणला की पाणी येतं. तेव्हा पुरणं बाद. फिरकीच्या झाकणाचा, रुंद तोंडाचा डबा सॅकला बाहेरून बांधा. पिशवी मोज्यासारखी हातात घालून उचला, उलटी करा, हवा काढून गाठ मारा आणि डब्यात टाका. तळाला वर्तमानपत्राची घडी ठेवली तर वास अडतो. घरी विष्ठा संडासात ओता, पण पिशवी त्यात सोडू नका, सेप्टिक टँक तुंबतो. ती सॅनिटरी कचऱ्यात द्या.

ताजी विष्ठा अगदी निर्धोक असते असंही नाही. जिआर्डिया हा आतड्यातला परजीवी आणि जिवाणू पहिल्यापासून असू शकतात, तेव्हा साबण लागतोच. कुत्र्याला दर तीन महिन्यांनी जंताचं औषध द्या. भटक्या कुत्र्यांचं काय, असं विचारणारे पुष्कळ भेटतात. त्यांना मालक नाही, तुमच्या कुत्र्याला आहे. आणि म्हादई, नेत्रावळी, खोतीगाव, बोंडला ह्या अभयारण्यांत कुत्रा न्यायचाच नाही, पिशवी असो वा नसो. म्हादईत कोळसुंदे (रानकुत्रे) आहेत, आणि कुत्र्यांच्या पार्व्हो रोगाचा विषाणू, जो त्यांनाही लागू शकतो, मातीत महिनोन् महिने टिकतो.