वाचकांचे प्रश्न : मधुमेह आणि मोबाइलमधील अ‍ॅप

प्रश्न : माझे वय ६४ असून अकरा वर्षांपासून मधुमेह आहे. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइडच्या गोळ्या घेतो. मुलाने मोबाइलला जोडला जाणारा ग्लुकोमीटर आणून दिल्यापासून मी रोज पाच-सहा वेळा साखर तपासतो. आकडा १४० च्या वर गेला की अ‍ॅपवर लाल रंग येतो आणि जीव घाबरा होतो. अ‍ॅप तीन महिन्यांची सरासरी १४० दाखवते, पण प्रयोगशाळेत एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा अंदाज देणारी रक्ततपासणी) ८ टक्के आले. खरे कोणाचे मानावे? (एक वाचक, सांगली)

उत्तर : दोन्ही आकडे खरे असू शकतात. एचबीए१सी ८ टक्के म्हणजे साधारणतः १८३ मिलिग्रॅम सरासरी साखर, आणि त्या सरासरीत दिवसाचे चोवीस तास येतात. अ‍ॅप मात्र आपण बोट टोचले तेवढ्याच क्षणांची सरासरी काढते. आपल्या बहुतेक नोंदी सकाळी उपाशीपोटी किंवा जेवणाआधीच्या असाव्यात, असा माझा अंदाज आहे. तसे असेल, तर जेवणानंतर चढणारी साखर अ‍ॅपला कधी दिसलेलीच नाही. मात्र लोहाच्या कमतरतेमुळे रक्तक्षय झालेला असल्यास एचबीए१सी खोटे वाढलेले दिसू शकते. म्हणून हिमोग्लोबिनही एकदा पाहून घ्यावे.

यावर उपाय म्हणजे मोजण्या वाढवणे नव्हे, त्यांची जोडी लावणे. एका दिवशी न्याहारीआधी आणि न्याहारी सुरू केल्यापासून दोन तासांनी, दुसऱ्या दिवशी दुपारच्या जेवणाची तशीच जोडी, तिसऱ्या दिवशी रात्रीच्या जेवणाची, असे दोन आठवडे केले, तर दिवसाला दोनच पट्ट्या लागतात आणि कोणत्या जेवणाला साखर उसळी मारते हे स्पष्ट दिसते. प्रत्येक नोंदीवर ‘जेवणाआधी’ किंवा ‘जेवणानंतर’ ही खूण करावी आणि चुकलेली गोळी, ताप, जागरण, लांबचा प्रवास यांचा एक-दोन शब्दांत उल्लेख करावा. ही खूण नसलेला १६५ हा आकडा डॉक्टरांनाही काही सांगत नाही.

लाल रंगाबद्दल बोलायचे तर, बहुतेक प्रौढ रुग्णांसाठी जेवणाआधी ८० ते १३० आणि जेवणानंतर १८० च्या आत हे उद्दिष्ट धरले जाते; वय आणि इतर आजारांनुसार ते सैलही करतात. आपल्या डॉक्टरांनी सांगितलेल्या मर्यादा अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये भरल्या, की निम्मी लाली ओसरेल. शिवाय घरगुती मीटरच्या आकड्यात सुमारे १५ टक्के फरक मान्य धरला जातो, त्यामुळे १५२ आणि १६० यांत भेद करत बसू नये. तपासण्यापूर्वी हात साबणाने धुऊन कोरडे करावेत. नुकताच आंबा कापलेल्या बोटाने भलतीच साखर दाखवल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत. पावसाळ्यात पट्ट्यांच्या डबीचे झाकण उघडे राहू देऊ नये.

अ‍ॅपमधील आहाराच्या यादीवर फार विसंबू नये. ‘एक भाकरी’ म्हणजे कोणाची भाकरी? ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात साधारण ६५ ते ७० ग्रॅम कर्बोदके असतात, म्हणून घरच्या भाकरीला किती पीठ लागते हे एकदा काट्यावर मोजून तीच नोंद अ‍ॅपमध्ये साठवून ठेवावी. साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्ट असतो. खिचडी उपवासाला चालत असली, तरी रक्तातल्या साखरेचा तो उपवास होत नाही.

एक गोष्ट महत्त्वाची. ग्लिमेपिराइडने साखर फार खाली जाऊ शकते. घाम, थरथर, एकाएकी कडकडून भूक अशी लक्षणे दिसून आकडा ७० च्या खाली असेल, तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यात घालून घ्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. मीटर हाताशी नसेल, तर तपासणीसाठी थांबू नये. असे एकदा जरी झाले, तरी डॉक्टरांना कळवावे आणि गोळीचा डोस त्यांच्याशी बोलूनच बदलावा.

प्रश्न : माझ्या तेरा वर्षांच्या मुलीला टाइप १ मधुमेह आहे. इन्सुलिनचा डोस काढून देणारे एक मोफत अ‍ॅप सापडले आहे. ते वापरावे का? (एक आई, नाशिक)

उत्तर : तिच्या डॉक्टरांनी ते पाहिल्याशिवाय मुळीच वापरू नये. डोस काढणाऱ्या ४६ अ‍ॅपांची तपासणी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली होती. त्यांतील दोन-तृतीयांश अ‍ॅपांमध्ये चुकीचा डोस सुचवला जाण्याचा धोका आढळला आणि बहुतेक अ‍ॅपे भरलेला आकडा शक्य तरी आहे का, हेही तपासत नव्हती. काही परदेशी अ‍ॅपांत साखर मिलिग्रॅमऐवजी मिलिमोल या वेगळ्या एककात भरावी लागते. तिथला १० म्हणजे आपल्याकडचा १८०. शिवाय आधीच्या इंजेक्शनचा अंमल अंगात शिल्लक असतो, तो न धरणारे गणित घातक ठरते. एक युनिट इन्सुलिन किती ग्रॅम कर्बोदकांना पुरते, हे प्रमाण तिचे डॉक्टरच ठरवतील.

मुलीला त्वचेवर चिकटवून सतत साखर मोजणारा सेन्सर लावला असेल, तर रात्री मोबाइल ‘सायलेंट’ किंवा ‘डू नॉट डिस्टर्ब’वर असताना साखर घसरल्याचा इशारा वाजतो की नाही, हे आजच पाहून घ्या. मोबाइलची प्रणाली अद्ययावत केल्यानंतरही ही खातरजमा पुन्हा करावी. सेन्सर त्वचेखालील द्रवातली साखर मोजतो आणि ती रक्ताच्या काही मिनिटे मागे असते. त्यामुळे लक्षणे आणि आकडा जुळत नसतील, तेव्हा बोट टोचूनच खात्री करावी.

प्रश्न : सुई न टोचता साखर सांगणारे घड्याळ घ्यावे का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : घेऊ नये. त्वचेला न टोचता स्वतःहून साखर मोजणाऱ्या एकाही घड्याळाला किंवा अंगठीला आपण मान्यता दिलेली नाही, असे अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये स्पष्ट केले आहे. दंडावरच्या सेन्सरचा आकडा केवळ पडद्यावर दाखवणारे घड्याळ ही वेगळी वस्तू आहे. त्यात मोजणी सेन्सरच करतो.