बायबलवरून रोजच्या आयुष्यात खरं-खोटं कसं ओळखायचं?

तुम्ही विचारलंय की रोज कुणीतरी वचन दाखवून काहीतरी सांगतं, मग त्यातलं खरं कुठलं हे बायबलवरूनच कसं कळणार. माझं म्हणणं एकच, सुटं वचन कधी घेऊ नका, आख्खा अध्याय वाचा. कुणाकडं लिहिलंय, कधी लिहिलंय, वर काय नि खाली काय. वचन तोंडपाठ असलेला माणूस खरा असतो असं अजिबात नाही, मत्तयाच्या ४थ्या अध्यायात सैतानच येशूला ९१वं स्तोत्र म्हणून दाखवतो, उडी टाक, देवदूत झेलतील. येशूनं त्याच्यापुढं अनुवाद या पुस्तकातलं वचन ठेवलं की देवाची परीक्षा पाहू नको.

मला हा प्रश्न लागला कारण आमच्या मिरजेत हे घडलंय. काही वर्षांपूर्वी एक गृहस्थ घरगुती प्रार्थनासभांना यायला लागले, आवाज गोड, प्रार्थना अशी करायचे की बायका रडायच्या. मग हळूच स्कीम निघाली, पैसे ठेवा, वर्षात दुप्पट. रंगीत कागदावर वरच मोठ्या अक्षरात यिर्मया २९:११, देवाचे तुमच्याविषयीचे संकल्प हिताचे आहेत वगैरे. लोक दागिने मोडायच्या गोष्टी करायला लागले. माझे पप्पा सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी होते, हळकुंड मोडून आतला रंग बघितल्याशिवाय वरच्या पॉलिशला न भुलणारा माणूस. त्यांनी चष्मा लावला, मांडीवरचं बायबल उघडलं आणि शांतपणे म्हणाले, "भाऊ, ११वं वाचलंत, आता १०वं वाचा की." १०व्यात काय आहे? बाबेलची ७० वर्षं भरल्यावर मी तुम्हाला परत आणीन. हा अध्याय म्हणजे यिर्मया संदेष्ट्यानं बाबेलला बंदिवासात नेलेल्या लोकांना लिहिलेलं पत्र, घरं बांधा, मळे लावा, इतक्यात सुटका नाही असं सांगणारं. आणि त्याच्याही वर ८व्या वचनात स्पष्ट आहे की तुमच्यातल्या संदेष्ट्यांकडून फसू नका! मागच्या २८व्या अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा सांगतो, बाबेलला नेलेलं सगळं दोन वर्षांत परत येईल. लोकांना तेच ऐकायचं होतं, आणि तो हनन्याच खोटा निघाला, त्याच वर्षी मेला. पप्पांनी हे सगळं वाचून दाखवलं, त्या गृहस्थांनी घाईघाईत शेवटची प्रार्थना करून टाकली.

राग आला तो आमच्या थोरल्या दाजींना. सगळ्यांसमोर पप्पांना म्हणाले, "देवाच्या सेवकाला प्रश्न विचारायचे नसतात, अभिषिक्ताला, म्हणजे देवानं नेमलेल्याला, हात लावू नका असं वचन आहे." पैसेही भरले. पुढं तो माणूस यायचा बंद झाला, फोन बंद, पैसे गेले, आणि दाजी आजसुद्धा म्हणतात की पप्पांच्या शंकेमुळं आशीर्वाद अडला. पप्पा आता नाहीत, म्हणून मी बोलणार. दाजींचं ते वचन स्तोत्र १०५:१५, तिथं गोष्ट चाललीय अब्राहाम, इसहाक, याकोब परक्या मुलखात फिरत होते त्याची, आणि देव राजांना दम देतोय की यांना त्रास देऊ नका. हिशेब विचारू नका असं तिथं कुठंय? दावीद राजा अभिषिक्तच होता, तरी त्यानं पाप केल्यावर नाथान संदेष्ट्यानं तोंडावर सांगितलं, तो माणूस तूच. पौलानं पेत्राला अंत्युखियात सगळ्यांदेखत सुनावलं, गलतीकरांस पत्राचा २रा अध्याय वाचा. बिरुया गावच्या लोकांनी तर पौलाचं बोलणंसुद्धा शास्त्रात रोज तपासून पाहिलं, आणि प्रेषितांची कृत्ये १७:११ मध्ये त्याबद्दल त्यांचं कौतुकच आहे. ज्याला तपासलेलं चालत नाही त्याच्याकडं पैसे देऊ नका, मग तो कितीही गोड गाऊ दे.

घरातल्या, शेजारच्या भांडणात कोण खरं असं असेल तर नीतिसूत्रे १८:१७ पुरेसं आहे, पहिला बोलणारा नेहमी बरोबरच वाटतो, दुसरा येऊन उलटतपासणी करेपर्यंत थांबा.

आणि हो, सगळेच सेवक तसले नसतात हे पण सांगते, आमचे पाळक स्वतः म्हणतात घरी जाऊन तपासा, काही चुकलं असेल तर येऊन सांगा. पप्पांसारखं जमायला वाचन लागतं, ते एका दिवसात होत नाही. तोवर कुणी वचन दाखवून पैसे मागितले तर म्हणा, घरी अध्याय वाचून सांगतो. आणि दाजींसारखं कुणी अडवलं तर १ थेस्सलनीका ५:२१ उघडून त्यांच्याच हातात द्या, "सर्व गोष्टींची पारख करा", त्यात सेवक सोडून असं कुठं लिहिलेलं नाही.